पटावरचा तिसावा क्रमांक

ही वही ——— गुरुजी, मु. ठाणाकुशनूर, यांची. सापडल्यास कृपया परत करावी.

१३ जानेवारी २०२५, सोमवार. बीदर.

सत्तराव्या वर्षी नोकरीला लागलेला माणूस पंचक्रोशीत मी एकटाच असेन. सकाळच्या गाडीनं निघालो तेव्हा हरभऱ्यावर दव होतं आणि करडईची फुलं नुकती पिवळी व्हायला लागली होती. खिडकीशी बसून शाळेतल्या जुन्या कविता मनात म्हणत होतो. तिकीट द्यायला आलेला कंडक्टर बघतच राहिला, जयभीम गुरुजी म्हणाला आणि चालत्या गाडीतच पायाला हात लावला. नव्वद सालच्या चौथीच्या वर्गातला माझा ———! टक्कल पडलंय, पण हसताना गालाला खळी तीच. इतकी वर्षं तुम्ही हजेरी घेतलीत, आज मी घ्यायलो, उठायचं न्हाई जागेवरून, असं दटावून पुढं गेला. सगळी गाडी हसली. बीदर येईपर्यंत मी मनातून दहा वर्षांनी लहान झालो होतो.

कचेरी म्हणजे तांबड्या दगडाचं एक बसकं घर. पुढं दोन खोल्यांत संगणक, मागं एक खोली माझ्यासाठी. मालक शिवशरण, चाळिशीचा, बोलायला गोड. घरची भाषा कन्नड, पण मराठी आपल्यासारखीच बोलतो. स्वयंपाकाला रुद्रम्मा आहेत. त्या मला पहिल्या चहालाच मास्तरअप्पा म्हणायला लागल्या. दारावर माझ्या नावाचा कागद आधीच चिकटवलेला होता. वरून हवाई दलाचं विमान गेलं की कपाटातली भांडी वाजतात, तेवढाच काय तो गोंगाट.

१५ जानेवारी, बुधवार.

काम गमतीचं आहे. शिवशरणनं गावोगावच्या माणसांची नोंद ठेवणारा एक डेटाबेस बनवलाय. आमच्या भाषेत सांगायचं तर अवाढव्य पट. तो खऱ्या माणसांना वापरायला देण्याआधी त्याच्यावर भार टाकून बघायचा, की किती नोंदी एका दमात पेलतो. त्यासाठी खोटी माणसं लागतात. नावं या भागातली वाटली पाहिजेत, मराठी, कन्नड, दखनी, औरादकडची तेलुगूसुद्धा. ती मी द्यायची. मी नावं, आडनावं, गावं वेगवेगळी लिहून देतो, यंत्र त्यांची सरमिसळ करून लाखभर माणसं उभी करतं. कुणाला जमीन दिली, कुणाला जुळी मुलं दिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कविता शिकवल्या, आता स्वतः माणसं रचतोय.

पंचशीलेचा बसवकल्याणहून फोन. तीही शिक्षिका, माझी एकुलती एक. खूप रागावली. अप्पा, या वयात कामून जायलाव परक्याच्या घरी, माझ्याकडं राहायला काय होतंय, हे तिचं नेहमीचंच. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन उरकून येते आणि तुम्हाला बघूनच जाते म्हणाली. ये म्हटलं. येताना शेंगाची चटणी आण.

१७ जानेवारी, शुक्रवार.

आज शिवशरणनं मला मर्यादा म्हणजे काय ते समजावलं. भरधाव पळवून दम बघणं वेगळं आणि रोजच्या चालीनं चालवून बघणं वेगळं. म्हणून नोंदींचा वेग बांधून द्यायचा, दिवसाला इतक्या म्हणजे इतक्याच. त्यांच्यामधलं अंतर मात्र सारखं नसतं. सरासरी ठरलेली, क्षण नक्की नाही. मला नळाच्या थेंबाची आठवण झाली.

वेळापत्रकाचंही सांगितलं, ते बस स्टँडसारखं. गाडीची वेळ फळ्यावर लागली की लागली, उशीर मोजायचा तो फळ्यावरच्या वेळेपासून. एखादी नोंद वीस मिनिटांहून जास्त रखडली, तर ती फेरीच रद्द. पडद्यावर तिच्यापुढं 'वगळले' असं उमटतं आणि ती पुन्हा कधी निघत नाही. पण एकदा निघालेली गाडी रद्द होत नाही, ती वाटेत अडली तरी वाट मोकळी व्हायची वाट बघत उभी राहते.

सोमवारपासून वेगळी चाचणी आहे, पटावरून नाव कमी करण्याची. त्यासाठी तीसेक नावांची छोटी यादी त्याला हवी आहे, क्रमवार.

१९ जानेवारी, रविवार.

यादी दिली. थोडा लबाडपणा केला. नवी नावं रचायचा कंटाळा आला होता, आणि एक यादी मला झोपेतसुद्धा म्हणता येते. नव्वद सालचा चौथीचा पट! त्या वर्गाची हजेरी मी साकीच्या चालीवर बसवली होती. रोज सकाळी मी गायचो, आणि ज्याचं नाव येईल तो त्याच तालात हजर म्हणायचा. ———, ———, ——— अन् ———, पाठोपाठ ती ———. इन्स्पेक्टरसाहेब रागावले होते, नंतर तेच मान डोलवत होते.

एकतिसावी, शेवटची, पंचशीला. मास्तरची पोर पहिली असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिला शेवटी घातली होती. त्यावरून ती अजून टोमणे मारते.

तिसावा क्रमांक तेवढा मोकळा आहे. ते पोर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलं. सलग गैरहजर म्हणून नियमाप्रमाणे तांबड्या शाईनं मी त्याचं नाव कमी केलं. पुढं त्याचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. पण तो क्रमांक दुसऱ्या कुणाला दिला नाही. गाताना तिथं एक मात्रा थांबायचो. शिवशरणच्या यादीतही ती जागा तशीच मोकळी ठेवली.

२० जानेवारी, सोमवार.

दुपारी बाराला चाचणी सुरू. वेग दिवसाला सहा. शिवशरण हैदराबादला गेला, आठवडाभर तिथंच. मोठं यंत्र तिथं आहे, इथून फक्त नोंदी सुटतात. मी पडद्यावर लक्ष ठेवायचं. इथलं बंद पडलं तरी काळजी करू नका गुरुजी, मी तिथून चालू करतो, राहिलेल्या सगळ्या नोंदी एका झटक्यात भरून काढतं ते, असा धीर देऊन गेला. दुपारी पहिलं नाव कमी झालं. पडद्यावरची ओळ फिकट झाली आणि गेली. रुद्रम्मांनी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी केली होती.

२१ जानेवारी, मंगळवार.

अंघोळ करताना हजेरी गुणगुणत होतो. पहिल्याच ओळीला अडखळलो. चाल आहे, ताल आहे, तोंडात शब्द येत नाही. म्हातारपण.

संध्याकाळी पुन्हा म्हणून बघितली. पहिल्या आठ मात्रा मुक्या. नवव्यापासून पुढं सगळी नावं स्वच्छ. पडद्यावर पाहिलं, आठ नावं कमी झालेली.

२२ जानेवारी, बुधवार.

सकाळी डेपोत गेलो होतो. ठाणाकुशनूरच्या गाडीवरचा कंडक्टर, टक्कल, गालाला खळी. तिथल्या साहेबांनी तीन-तीनदा रजिस्टर चाळलं. असा माणूस इथं न्हाईच, या गाडीवर कायम बाईच असतीया म्हणाले.

परत येऊन ही वही उघडली. नाव बघावं म्हणून. तेरा तारखेच्या पानावर जिथं मी त्याचं नाव लिहिलं होतं तिथं कोरी जागा आहे. खोडलेलं नाही. शाई कधी लागलीच नव्हती, असा कागद. हजेरीची ओळही तशीच, स्वल्पविराम जागच्या जागी आणि मधे काही नाही.

गावाकडं चंद्रभागाबाईंना फोन लावला. तो त्यांचा मुलगा, एवढं मला पक्कं आठवतं. त्यांच्या ओसरीवर बसून मी त्याला पाढे शिकवलेत. तुमचा थोरला कसा आहे विचारलं. मग म्हणाल्या, मला कुठं लेकरू झालं गुरुजी, या वयात चेष्टा करायलाव व्हय.

बारा गेले.

पंचशीलेला फोन केला, काही न सांगता विचारलं, चौथीत तुझ्या बाकावर कोण बसायचं गं. ती हसली. मी एकटीच बसायची की अप्पा, तुम्हीच तर बसवायचाव.

बाकावर तिघी बसायच्या. मी बसवायचो.

त्याच दिवशी, दुपार.

शिवशरणशी बोललो. त्याला वाटतं वयामुळं माझा गोंधळ होतोय. यादीत आधीपासून अठराच नावं आहेत म्हणतो, तुम्हीच दिली होती. चाचणी थांबव म्हटलं तर, आठवडा पुरा होऊ द्या गुरुजी, मधे तोडली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मी इथलं बटण बंद केलं तर तो तिथून चालू करणार, आणि राहिलेली सगळी एका झटक्यात. पंचशीलेचं नाव यादीतून काढून टाकावं म्हटलं, तर यादीतून नाव काढणं म्हणजे तेच. यंत्राऐवजी माझ्या हातानं.

माझ्या हातात एकच चौकट आहे. वेगाची. सर्वांत कमी आकडा दिवसाला दोन. तो घातला. तासाभरानं तो आपोआप पुन्हा सहावर जातो, तात्पुरता बदल म्हणून. म्हणजे दर तासाला मी इथं हजर पाहिजे. खुर्ची ओढून घेतली.

२३ जानेवारी, गुरुवार.

खुर्चीतच झोप, उशाला घड्याळाचा गजर. दर तासाला पुन्हा दोनचा आकडा. रुद्रम्मा ताट ठेवून जातात. बाहेर जाऊन या मास्तरअप्पा, तोंड बघा कसं झालंय म्हणतात. त्या चौकटीत जरा आकडा घाला म्हटलं तर हात मागं घेतला. साहेबांचं यंत्र, आम्ही न्हाई बा शिवणार.

चौदा गेले.

सकाळी सुचलं — दोन चालतं तर शून्य का नाही? शून्य म्हणजे थांब. आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं, शून्य म्हणजे काही नाही. शून्य घातलं.

यंत्राला शून्य म्हणजे मर्यादाच नाही.

पापणी लवायच्या आत नऊ ओळी गेल्या. दोन घालेपर्यंत — नऊ. माझ्या हातानं. त्यांतल्या एकीचं अक्षर मोत्यासारखं होतं, एवढंच उरलंय. अक्षर आठवतं. कुणाचं ते —

तेवीस गेले.

२४ जानेवारी, शुक्रवार.

पंचवीस. दिवसाला दोन, म्हणजे रविवारी संपेल.

आता हजेरी म्हणायला बसलो की पंचवीस मात्रा नुसता ताल देतो. टेबलावर बोटानं.

मोकळी जागा आहे एक. तिसावी. तिथं कुणाचं नाव घातलं तर पंचशीलेच्या आधी एक पाळी वाढेल. सरासरी अर्धा दिवस. रचलेलं नाव घालून बघितलं. चिकटत नाही, लगेच पुसतं. खोट्या माणसाला कमी करायला वेळ लागत नाही.

खरं पाहिजे.

चौतीस वर्षांचे पट मला पाठ आहेत. एक्क्याण्णव. ब्याण्णव. हजारभर लेकरं. एकाचं नाव टाईप केलं. आता तो मोठा गडी, बायकोला मारतो असं ऐकलंय. मग त्याची तिसरीतली चड्डी आठवली, मागं ठिगळ लावलेली. खोडलं.

एका लेकराचं नाव मी आधीच कमी केलंय. तांबड्या शाईनं. याच जागेवर.

२५ जानेवारी, शनिवार.

सत्तावीस.

पंचशीलेला सगळं सांगितलं. ती रडली. अप्पा, तुम्हाला तिथं एकटं ठेवलं हेच चुकलं, उद्या तुम्हाला घेऊनच येते. येऊ नको म्हटलं. इथं न् तिथं, तिला काय फरक पडणार आहे. पण ती येणारच. आईवर गेलीय.

शिवशरणचं बोलणं पुन्हा आठवत बसलो. बस स्टँड. निघालेली गाडी वाट मोकळी व्हायची वाट बघते. न निघालेली वीस मिनिटांत रद्द.

माझ्याकडच्या पडद्यावर कुठलंही नाव दुरुस्तीला उघडता येतं. उघडं असेपर्यंत यंत्राला त्या नावाला हात लावता येत नाही. त्याच्या मागं सगळी रांग थांबते. पाहिलंय मी, मंगळवारी गंमत म्हणून एक उघडून ठेवलं होतं. अट एकच, मिनिटा-मिनिटाला एक कळ दाबायची, नाहीतर ते आपलं आपण मिटतं.

पंचशीलेचंच नाव उघडलं तर तिची पाळी निघून वाट बघत राहील, रद्द होणार नाही. म्हणजे तिच्या पुढं, तिसाव्या जागी असा माणूस हवा, की जो अडून बसेल.

माझं नाव घातलं. चिकटलं.

२६ जानेवारी, रविवार.

शेजारच्या शाळेच्या भोंग्यावर झेंडागीत. एकोणतीस गेले. पट रिकामा. मी आणि ती.

रुद्रम्मा लाडू देऊन गेल्या. दार आतून लावून घेतलं.

पडद्यावर वेळा लागल्या.
क्रमांक ३० — २.३०.
क्रमांक ३१ — ३.१०.

तिला साडेतीनपर्यंत अडवायचं. मग रद्द. कायमची.

२.२५. माझं नाव दुरुस्तीला उघडलं. डाव्या हाताचं बोट कळीवर, उजव्या हातानं हे लिहितोय.

२.३०. पाळी निघाली. माझ्या ओळीला रंग आला आणि थांबली. वाट बघतेय. छातीवर कुणी तळहात ठेवावा तसं वाटतं. फक्त ठेवलाय. दाबलेला नाही.

२.४८. पाय बधिर. उठता येत नाही. कळ. उठलो तर एका मिनिटात — कळ.

३.०२. लाईट गेली. यूपीएसवर आहे. टिट्, टिट्. किती वेळ चालतो ते माहीत नाही. शिवशरण म्हणाला होता, अर्धा तास, नवा असताना.

३.१०. तिची वेळ लागली. ओळ हलली नाही. माझ्या मागं उभी आहे. कळ.

३.१७. टिट् टिट् टिट्. जवळजवळ वाजतंय.

३.२१. बाहेर रिक्षा. तिची चप्पल ओळखतो मी. दारावर थाप. अप्पा. अप्पा, दार उघडा. रुद्रम्मांना विचारतेय, जेवलेत का. चटणी आणलीय म्हणते. कळ. चार पावलांवर कडी आहे. चार पावलं जायला-यायला मला मिनिटाच्या वर लागतं. ओ दिली तर ती दार तोडून घेईल, मला उठवून नेईल. ओ देत नाही. लेकरू हाका मारतंय आणि मी — कळ.

३.२६. रडतेय. अप्पा ऐकायलाव का. हो गं. कळ.

३.२८. टिटिटिटि

३.२९. कळ. हजर म्हण. तालात. एकतीस —

३.३०. क्रमांक ३१. पंचशीला. 'वगळले'.

वगळले!

वाचली. पटावर राहिली ती. आता कुणी —

पडदा काळा. आवाज बंद. किती शांत.

माझं नाव मिटलं असणार. शिवशरण तिथून चालू करील. धीर देऊन गेला होता.

कडी काढायला जावं. पाय —

बाहेर थाप थांबली. अप्प — एवढंच. मग काही नाही. मग ती रुद्रम्मांना विचारते, मावशी, मी इथं कामून आले हो? हे कुणाचं घर? रुद्रम्मा म्हणतात, मागची खोली रिकामीच हाय बाई. डबा हातात तसाच असेल तिच्या. चप्पल दूर जायला लागली. आवाज खणखणीत आहे तिचा. रिक्षावाल्याशी घासाघीस करतेय. हसली. हसली ती.

घाबरायचं काही नाही. वहीत आहे मी. पहिल्या पानावर स्वतः लिहिलंय, ठळक, निळ्या शाईत. आत्ता उघडलं. आहे. मोठ्यानं वाचतो म्हणजे तोंडात राहील. ही वही